प्रमोदिनीच्या वाटणीची गादी

मी अर्धी गादी बोलतेय. जन्माला आले तेव्हा पुरी होते, चांगली पाच फूट रुंद, दोघांची. छत्तीस वर्षांनी मला मधोमध कात्रीनं कापलं, आणि कापायचं ठरवलं ते माझ्यावरच झोपणाऱ्या नवरा-बायकोनं. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये.

मेढ्याच्या जोतीरामनं थोरल्या लेकीच्या, प्रमोदिनीच्या लग्नात आंदण द्यायला मला साताऱ्यात करून घेतलं. गादीवाल्याच्या दुकानासमोर तो दिवसभर स्टूल टाकून बसला होता. गादीवाला कापूस पिंजायचा आणि हा प्रत्येक मुठीत बोटं घालून सरकी राहिली का बघायचा. "लेकीच्या पाठीला टोचाय नगं," हे एकच पालुपद. शेवटी गादीवाला वैतागला. "पाव्हणं, एवढी काळजी हाय तर लेक घरीच ठिवा की!" म्हणाला. जोतीराम हसला नाही, पुढची मूठ तपासायला लागला.

लाल-निळ्या पट्ट्यांचं कापड, अंगभर पक्क्या दोऱ्याचे टाके. टेम्पोत कपाटाच्या वर बसून मी मिरजेकडच्या त्या उसाच्या गावात आले ती तोऱ्यातच. तोरा फार दिवस टिकला नाही.

नवरा मानसिंग पलटणीत शिपाई. लग्नाला वीस दिवसांची सुट्टी काढून आला, त्यातले चार रेल्वेत गेले. पुढं बावीस वर्षं हेच. वर्षातून दोन महिने तो घरी, बाकीचे दहा महिने माझ्या मधोमध एकटी प्रमोदिनी. एका बाजूला वाळलेल्या कपड्यांची चळत, दुसऱ्या बाजूला लहानगा ऋषिराज. सुट्टीचं पत्र आलं की ती कपड्यांची चळत उचलायची, मला उन्हात टाकायची, झाडायची. तो यायचा, आणि जायचा दिवस आला की ट्रंक उचलून निघायचा. ती दारात उभी राहायची. मग आत येऊन कपड्यांची चळत पुन्हा त्याच्या जागी ठेवायची.

माणसं उशीचं फार कौतुक करतात. रडली तर उशीत, कुणाची आठवण आली तर उशीला मिठी. गादीला काय, तर पाठ! पण माणूस किती कुशी बदलतो, कधी जागा असूनही झोपल्याचं सोंग करतो, हे उशीला कळत नाही, मला कळतं. म्हणून सांगते, त्या बावीस वर्षांत या दोघांत एकदाही भांडण झालं नाही. दोन महिन्यांत कोण भांडतं?

मानसिंग सुभेदार होऊन पेन्शनीवर घरी आला. गावाला वाटलं, आता कुठं यांचा संसार सुरू झाला. मी सांगते, भांडण सुरू झालं.

पहाटे साडेचारला उठून तो चादरीची टोकं ओढायला लागे. प्रमोदिनी अजून चादरीवरच असे. "पलंगपोस असा ताणून घालायचा, नाणं टाकलं तर उडलं पायजे." ती म्हणायची, "हितं काय इनस्पेक्शन हाय?" तिला मधोमध झोपायची सवय, त्याला काठावर अंग चोरून पडावं लागे. बर्फातल्या चौकीवर ज्याला काही झालं नाही, तो सुभेदार माझ्यावरून दोनदा खाली पडला आणि खांदा धरून बसला. चौदा वर्षं ही कुरबुर चालली. भाजीतल्या मिठावरून, गोठ्यातल्या शेणावरून, पंख्याच्या वेगावरून. मी दोघांच्या पाठी सोसल्या आणि गप्प राहिले.

गेल्या चैत्रात मानसिंगला साठ वर्षं पुरी झाली. ऋषिराजनं एकसष्टीचा सत्कार ठरवला. मांडव घातला, गावजेवण झालं. त्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी पाहुण्यांच्या बैठकीला गेल्या आणि मी खिडकीशी उघडी पडले होते, म्हणून मला माइकवरचं भाषण शब्दन् शब्द ऐकू आलं. सुभेदारांनी खिशातून कागद काढला आणि आभार मानायला सुरुवात केली. आधी कर्नलसाहेब. मग सरपंच, सोसायटीचे चेअरमन, भाऊबंद, पाव्हणे. मग मांडववाला. शेवटी ट्रॅक्टरवाला हरिबा. कागद संपला. टाळ्या पडल्या.

बायकोचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

प्रमोदिनीच्या हातात तेव्हा औक्षणाचं ताट होतं. ते तिनं तिथंच सून सोनमच्या हातात दिलं आणि तरातरा आत येऊन माझ्यावर बसली. मागोमाग मानसिंग आला, फेटा अजून डोक्यावर.

"औक्षण सोडून उठलीस? चारशे मान्सांत माजी काय इज्जत ऱ्हायली?"

"हरिबाचं नाव घेतलंसा," ती म्हणाली.

"मग? त्येनं ऊस वडला न्हाई आपला?"

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तो फेटा काढून माझ्यावर आपटून निघून गेला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. "सोनम, तुज्या मामाला सांग, जेवाण वाढलंय." "सोनम, तुज्या आत्याला सांग, मला भूक न्हाई." सासू आत्या आणि सासरे मामा, दोघं एकाच स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर.

सोनम बिचारी मधल्या मधे भरडली. तिनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला: जुन्या लग्नातला रोमान्स पुन्हा कसा जागवायचा. त्यात एका बाईनं सांगितलं होतं की नवरा-बायकोला पहिल्यासारखं फिरायला पाठवा. सोनमनं दोघांना नटवून सांगलीला धाडलं. आधी सिनेमा, मग हॉटेल, वाटेत मामांनी आत्यांना गुलाब द्यायचा, असं सगळं कागदावर लिहून दिलं. संध्याकाळी दोघं आली ती वेगवेगळ्या एसट्यांनी. हॉटेलात सुभेदार फौजी सवयीनं दाराकडं तोंड करून बसले, म्हणजे बायकोकडं पाठ झाली. वेटरनं विचारलं, "बिल एकत्र का वेगळं?" प्रमोदिनी म्हणाली, "येगयेगळं." गुलाब त्यानं वाटेतल्या मारुतीला वाहिला होता. सोनमनं मोबाइल बंद करून उशीखाली ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

मग ज्येष्ठात माझी वेळ आली.

पावसाच्या आधी गाद्या नीट करून देत एक गादीवाला मोपेडवरून गावात आला होता. मानसिंगनं त्याला हाक मारली, मला अंगणात ओढलं आणि म्हणाला, "हिच्या दोन कर." गादीवाल्यानं माझ्यावरून हात फिरवला. "मामा, जोडीची गादी कोन कापतं व्हय? कापूस सांडतोय. नवी करून देतो दुसरी."

"तू काप."

गादीवाला प्रमोदिनीकडं बघायला लागला, की ही तरी नको म्हणेल. ती घरात गेली. आली ती कात्री घेऊन. ही गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही. कात्री तिनं आणून दिली.

वर मोजमापावरून तासभर तमाशा. सुभेदारांनी टेप धरली, बरोब्बर अडीच फूट. ती सोनमला म्हणाली, "मामाला सांग, माज्या बाजूला इंचभर कमी हाय." तो म्हणाला, "आत्याला सांग, टेप पलटणीतली हाय, खोटं बोलत न्हाई." एका इंचावरून दोघं भांडत होती आणि कात्री माझ्या पोटात अडकलेली होती. जोतीरामनं बोटं घालून तपासलेला तो कापूस अंगणभर उडाला, कोंबड्यांच्या पायांना चिकटला. गादीवाल्यानं दोन्हीकडून शिलाई मारली आणि मान खाली घालून निघून गेला.

आठवड्यानं प्रमोदिनीनं तिच्या वाटणीची गादी, म्हणजे मला, गुंडाळून पिकअपमध्ये टाकलं आणि मेढ्याला निघाली. भाऊ साताऱ्याला कारखान्यात, जोतीराम जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्यांचं घर कुलूप लावून पडलं होतं. निघताना सोनमनं पाय धरले. "आत्या, कधी येणार?"

"मी न्हाई येत आता. हितं माजी गिनती न्हाई."

अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या चंद्री म्हशीकडं मात्र ती डोळे भरून बघत होती. चंद्री गाभण होती. तिच्या कपाळावरून हात फिरवून ती गाडीत बसली. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही, तोही ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसला होता. ते उलटं होतं का सुलटं, मला दिसलं नाही.

मेढ्याचा पाऊस कापसाला काळ आहे. चार महिने भिंती ओल्या, जमीन ओली. माझ्या कापसाच्या गाठी झाल्या, अंगावर बुरशीचे डाग पडले. प्रमोदिनी दिवसभर भाताच्या खाचरात, चुलीवर एकटीचं शिजवायची आणि शेजारच्या रंगुबाईला सांगायची, "लय बरं हाय बघ मला हितं. कुनाची कटकट न्हाई." रंगुबाई मान डोलवायची. मला तिचा राग यायचा. दोघांचाही यायचा. आपल्या रुसव्यापायी मला उभी चिरली आणि आता म्हणे बरं आहे!

पण खरं सांगते. छत्तीस वर्षं मधोमध पसरून झोपलेली ही बाई, आता एकटीची अडीच फुटांची गादी मिळाली तर काठावर झोपायला लागली. अगदी कडेला, एक हात खाली जमिनीवर. उरलेली जागा रिकामी. मला उसवून पुन्हा एक गादी करावी एवढीच माझी इच्छा होती, आणि त्यासाठी ही दोघं आधी एका घरात यायला हवी होती. ती रिकामी जागा पाहून मला वाटायचं, येतील. सकाळी उठून ती पुन्हा रंगुबाईला तेच सांगायची, "लय बरं हाय." माझी आशा सुटायची.

माघात एक दिवस चांगलं ऊन पडलं. तिनं मला अंगणाच्या दगडी बांधावर टाकलं आणि काठीनं झोडपायला घेतलं. दुपारचा एक वाजून गेला असेल. बांधापलीकडं कुणीतरी येऊन उभं राहिलं. स्वेटर, बूट, हातात पिशवी.

"अशी मारत्यात व्हय गादी? धूळ आत जाती सगळी."

काठी थांबली. दहा महिन्यांनी नवऱ्याचं पहिलं वाक्य, आणि तेही चूक काढणारं.

"कशाला आलासा?"

"म्हस बघाय चल. व्याली म्हयन्यापूर्वी. धार काढू देत न्हाई. ऋषीला लाथ घातली. सोनमला शिंगं दावती."

"म्हजी म्हशीसाठी आलासा." तिनं मला एक जोरात ठेवून दिली. "तुमची अर्धी कुठाय? तिला दावलंसा का ऊन?"

"ती रेडीखाली टाकलीया."

"कुनाखाली?"

"चंद्रीच्या रेडीखाली. गोठ्यात."

माझी अर्धी! शेणामुतात!

"माज्या बापानं बोटं घालून घालून केलेली गादी म्हशीच्या रेडीखाली?" प्रमोदिनी ओरडली आणि जी काठी हाणली ती माझ्या शिवणीवरच. मानसिंगनं पिशवी टाकली, बांधाला टेकवलेली दुसरी काठी उचलली आणि पलीकडून तोही सुरू झाला. "मग काय करू? तू कात्री दिलीस तवा बाप न्हाई आठवला?"

"ह्यो हरिबाच्या नावाचा!" तिनं हाणली.

"ह्यो औक्षणाचा!" त्यानं हाणली.

"ह्यो ऋषीच्या वक्ताचा! तीन दिस अडली हुती मी. तार धाडली. आलासा न्हाई!"

"दोनदा साहेबापुढं उबा ऱ्हायलो! सुट्टी मिळाली न्हाई!"

"कवा सांगितलंसा?"

"तू कवा इचारलंस?"

इकडून एक, तिकडून एक. छत्तीस वर्षांत जे साठलं ते सगळं माझ्या अंगावर. शिवण उसवली, कापूस उडायला लागला. रंगुबाई दारात येऊन ओरडली, "अगं बया! गादीला मारताय का एकमेकास्नी?" कुणी ऐकलं नाही.

मग मानसिंगला धाप लागली. काठी टेकून तो म्हणाला, "तीन दिस त्यो कागद लिवत हुतो. वरनं खाली नावं लावली, हुद्द्यापरमानं. पलटणीत तसंच असतंय. तुजं नाव कुठं घालू? कर्नलसायबाच्या वर घातलं आसतं तर लोक हसली आसती. खाली घातलं आसतं तर तू सोसलं आसतंस? जागाच घावंना. जागा घावली की लिवतो म्हणालो, तवर माइक हातात आला."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मीही. हा माणूस सुभेदार झाला कसा, हे मला त्या क्षणी कळेना.

"हे धा म्हयनं सांगाय काय झालं हुतं?" ती म्हणाली.

"सोनममार्फत असलं बोलत्यात व्हय?"

तिनं काठी खाली ठेवली. मग विचारलं, "रेडी हाय कशी?"

"आता उड्या मारती. जल्मली तवा काय खरं नव्हतं. पौषातली थंडी. पोती घातली, शेकोटी क्येली, थरथराट थांबंना. तुजी म्हस. रेडी गेली आसती तर तू काय म्हणली आसतीस? मग उचलली गादी आन घातली खाली."

"आन तुमी कशावर झोपता?"

"बाजंवर."

"नुसत्या?"

"पलटणीत काय गाद्या हुत्या?"

"धार कोन काढतंय मग?"

सुभेदार बांधाकडं बघायला लागले. "मी."

"लाथ मारत न्हाई तुमाला?"

"तुजी जुनी हिरवी साडी डोक्यावनं घेऊन बसतो. तवा जरा पान्हा सोडती."

प्रमोदिनी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग ती सरळ माझ्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "सुभेदार! साडी नेसून!"

"नेसून न्हाई. पांघरून," तो गंभीरपणे म्हणाला. "धार काढत्या येळी तुज्यावानी बोलाय बी लागतंय तिच्यासंगं. गुमान हुबी ऱ्हा गं बया, आसं."

तिच्या केसांत माझा कापूस अडकला होता. तो पुढं झाला आणि बोटांनी एकेक तंतू काढायला लागला. फौजी बोटं, सावकाश काम. छत्तीस वर्षांत त्यानं तिच्या केसांना दिवसाउजेडी हात लावलेला मी पाहिला नव्हता. रंगुबाई दार लोटून आत गेली. प्रमोदिनी हलली नाही.

"मागं बी हाय," ती म्हणाली. "नीट काढा की."

त्यानं नीट काढला.

"गाडी कवा हाय?" तिनं विचारलं.

"अडीचला सातारा. तितनं मिरजेची घावंल. सकाळच्या धारंला पोचतो."

"दोन वाजत आले की! आदी सांगाय काय झालं हुतं?" ती पळत घरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तिचा, की पिशवी का आणली एवढी लहान. मग त्याचा, की तू किती सामान घेणार हे मला काय ठाऊक. कुलूप लागलं. किल्ली रंगुबाईला द्यायची का बरोबर न्यायची यावरून फाटकात पुन्हा जुंपली. ती पुढं, तो पिशवी घेऊन मागं, मग तो पुढं. वळणापर्यंत दोघांचा आवाज येत होता. किल्ली बरोबरच गेली.

आणि मी इथं बांधावर.

आता ऊन उतरलंय. शिवण उसवलीय, निम्मा कापूस रंगुबाईच्या परसात उडालाय, पायथ्याशी एक कुत्रं ऐसपैस पसरलंय. थोड्या वेळानं दहिवर पडेल आणि उरलेला कापूस भिजेल. माझी दुसरी अर्धी रेडीखाली कुजतेय. आमची पुन्हा एक गादी व्हायची नाही, हे मला कळून चुकलंय. मला आत न्यायला दोघंही विसरली. कुणाचं काम होतं यावरून भांडायचंसुद्धा विसरली. राग येतोय, फार येतोय, लपवत नाही.

पण बावीस वर्षं मी एक जण निघालेला आणि एक जण दारात राहिलेला पाहिला. आज दोघं निघाली आणि दारात कुणी नव्हतं.

रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्या भल्या माणसांनो, थंडीनं कुडकुडणारं एखादं वासरू तुमच्याकडं असेल तर मला खुशाल घेऊन जा. फक्त त्या दोघांना फोन करून मी राहिल्याचं सांगू नका. मला न्यायला त्यांतलं एक जण निघेल आणि दुसरं पुन्हा दारात राहील.